जुन्या क्लॅरिनेटवरचा छाप वाचताना

कामठीची छावणी १८२१ सालची. छावणी म्हटली की पलटणीचा बँड आला आणि बँड म्हटला की विलायतेहून आलेली वाद्यं आली. त्यातली काही पुढे लग्नाच्या बँडपार्ट्यांकडे गेली, काही शाळांच्या कपाटांत पडली, काही कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत राहिली. म्हणून नागपूर-कामठीच्या पट्ट्यात आजही एखाद्या घरातून चाव्यांनी मढलेली काळपट लाकडी नळी निघते, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ‘लंडन’ किंवा ‘पॅरिस’ असं काहीतरी दिसतं.

मग दोनपैकी एक होतं. विलायती नाव दिसलं म्हणून घरातले लाखांचा हिशेब मांडू लागतात, नाही तर ‘वाजत नाही ना, मग काय कामाचं’ म्हणत वाद्य भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं. दोन्ही निर्णय छाप नीट न वाचता घेतलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे वाद्य चकाचक करण्यासाठी त्याच्यावर फिरवलेला पॉलिश पेपर. लाकडात उमटवलेली अक्षरं फार उथळ असतात. पाच मिनिटं पेपर घासला की शंभर वर्षांची ओळख पुसली जाते आणि ती कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही.

छापाबद्दल सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. छाप म्हणजे बनवणाऱ्याचं नाव, असं धरून चालू नका. सातबाऱ्यावर जसा भोगवटादार वेगळा, कूळ वेगळं आणि बोजा चढवणारी सोसायटी वेगळी, तसं एकाच वाद्यावर बनवणारा, विकणारा, पेटंट घेणारा, चाव्यांची पद्धत शोधणारा आणि मालक अशा पाच जणांच्या खुणा असू शकतात. कुठली खूण कुणाची हे वेगळं करता आलं, की अर्धं काम झालं.

आधी अक्षरं दिसू द्या

दिवसा उजेडात छाप वाचायला जाल तर बहुतेक वेळा निराश व्हाल. त्यापेक्षा खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च वरून न धरता अगदी बाजूने, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा. समोरून पडणारा उजेड उथळ खाचा सपाट करून टाकतो. बाजूने पडणारा उजेड प्रत्येक अक्षराच्या काठाला सावली देतो. टॉर्च एका जागी ठेवून वाद्य हळूहळू गोल फिरवत राहा. आत्ता जिथे काहीच नव्हतं तिथे अचानक एक ओळ उभी राहते, पुढच्या क्षणी नाहीशी होते. तेवढ्यात फोटो घ्यायचा. इतवारीतले सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर उत्तमच.

या टप्प्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत, टाळायच्या जास्त. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, एवढंच. खोबरेल तेल, ब्रासो, साबण, काहीही लावू नका. सुईने अक्षरांतला मळ उकरू नका, कारण जुन्या छापांत सोनेरी किंवा चंदेरी रंग भरलेला असायचा आणि तुम्ही मळ समजून काढता तो त्याचाच उरलेला अंश असू शकतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून आत खडू किंवा पांढरा रंगही भरू नका.

क्लॅरिनेटचे पाच भाग असतात: माउथपीस (फुंकायचं तोंड), बॅरल (त्याखालचा आखूड तुकडा), वरचा जोड, खालचा जोड आणि बेल (शेवटचं पसरट तोंड). पाचही भाग वेगळे करून प्रत्येकाचा छाप वेगळा लिहून घ्या. जोड अडकला असेल तर जोर लावू नका. वर्षानुवर्षं न उघडलेलं लाकूड पिळताना फुटतं, आणि बहुतेक वेळा नेमकं वरच्या जोडाच्या तोंडाशी फुटतं. अडकलेला जोड तसाच राहू दिला तरी छाप वाचता येतो.

नाव आहे, पण कुणाचं?

फ्रान्समध्ये नॉर्मंडीत ला कूतूर-बूसे नावाचं एक छोटं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे लाकडी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्यं बनत आली. तिथल्या कारागिरांची पुष्कळ वाद्यं कोऱ्या अंगाने बाहेर पडायची आणि ज्या शहरातला व्यापारी ती घ्यायचा, तो त्यांवर आपलं नाव उमटवायचा. जेरोम तिबूव्हील-लामीसारख्या मोठ्या कंपन्याही दुसऱ्यांच्या नावाने विकण्यासाठी माल बनवून देत. तेव्हा लंडनच्या, कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या दुकानाचं नाव दिसलं, तर ते वाद्य त्या शहरात बनलं असं म्हणता येत नाही. तरी हे नाव बिनमहत्त्वाचं नाही. ते वाद्य हिंदुस्थानात कुठल्या दाराने आलं हे त्यावरून कळतं, आणि आपल्या भागाच्या संगीताचा इतिहास लिहायचा झाला तर बनवणाऱ्याच्या नावाइतकंच ते मोलाचं आहे.

दुसरी अडचण घराण्यांची. ‘बुफे’ एवढंच वाचून लोक थांबतात. डेनिस बुफे-ओजे याने १८२५ मध्ये पॅरिसला कारखाना काढला. त्याच्या मुलाची बायको क्रॅम्पॉन घराण्यातली, म्हणून पुढे ‘बुफे क्रॅम्पॉन’ हे नाव रूढ झालं आणि ते आजही चालू आहे. पण त्याच कुटुंबातल्या लुई-ओग्युस्त बुफेचा स्वतःचा वेगळा कारखाना होता, वेगळा छाप होता. इतकंच नाही, १८८५ नंतर काही काळ बुफे क्रॅम्पॉनचीच वाद्यं ‘एव्हेत ए शेफर’ या नावाने, खाली ‘पूर्वीचं बुफे क्रॅम्पॉन घराणं’ अशा अर्थाची फ्रेंच ओळ आणि ‘१८ व २०, पासाज द्यू ग्राँ सेर्फ, पॅरिस’ हा पत्ता घेऊन बाहेर पडली. ‘एव्हेत’ हे अनोळखी नाव बघून असं वाद्य हलकं समजणाऱ्यांनी ती खालची ओळ वाचलेली नसते.

एकेका अक्षराचंही मोल असतं. क्लॅरिनेट हे वाद्य १७०० च्या आसपास न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टॉफ डेनरने घडवलं असं मानतात. त्याच्या छापात आडनावाआधी दोन आद्याक्षरं आहेत, त्याच्या मुलाच्या, याकोबच्या, छापात एकच. बापलेकांच्या कामात फरक करायला अभ्यासकांना त्या एका अक्षराचाही आधार होतो.

मग पद्धतीचं नाव. क्लॅरिनेटवर ‘बोम’ दिसलं की बोम नावाच्या माणसाने ते बनवलं असं वाटतं. थिओबाल्ड बोम म्युनिकचा बासरीवादक. त्याने १८३२ आणि १८४७ मध्ये बासरीची रचना मुळापासून बदलली. ती कल्पना क्लॅरिनेटवर आणली क्लोझे या वादकाने आणि वर सांगितलेल्या लुई-ओग्युस्त बुफेने, आणि १८४४ मध्ये पेटंट घेतलं. बोमने स्वतः क्लॅरिनेट घडवलेलं नाही. ‘अल्बर्ट’चं प्रकरण जास्त फसवं, कारण ब्रुसेल्सचा यूजीन अल्बर्ट हा खरोखरच नामांकित कारागीर होता, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी जुनी, साधी चावीपद्धत मात्र इतर डझनभर कारखान्यांनी वापरली. ‘अल्बर्ट सिस्टीम’ म्हणजे अल्बर्टचं क्लॅरिनेट नव्हे.

या दोन पद्धती छाप न वाचताही वेगळ्या करता येतात. खालच्या जोडावर उजव्या हाताच्या बोटांखाली, भोकांभोवती, धातूच्या तीन कड्या आणि करंगळीपाशी चार लांब चाव्या असतील तर बहुधा बोम. दोन कड्या आणि करंगळीला दोनच चाव्या असतील तर जुनी साधी पद्धत.

जुन्या इंग्रजी लाकडी फ्लूटवर ‘निकल्सन्स इंप्रूव्ह्ड’ असं कोरलेलं आढळतं. चार्ल्स निकल्सन हा लंडनचा गाजलेला वादक, १८३७ मध्ये वारला. त्याची मोठी भोकं असलेली बासरी लोकांना आवडली म्हणून वेगवेगळ्या कारागिरांनी त्याच्या नावाने तशा बासऱ्या काढल्या. बनवणारा शोधायचा तर त्याच वाद्यावरचं दुसरं नाव शोधावं लागतं.

बारीक अक्षरांतल्या फ्रेंच-जर्मन खुणांनीही गोंधळ होतो. ‘एस.जी.डी.जी.’ ही चार अक्षरं फ्रेंच पेटंटाची आहेत. पेटंट दिलं आहे, पण सरकार त्याची हमी घेत नाही, असा त्यांचा अर्थ. ही पद्धत १८४४ च्या कायद्याने आली आणि १९६८ पर्यंत चालली. ‘डी.आर.जी.एम.’ ही जर्मन साम्राज्यातल्या नोंदणीची खूण, १८९१ पासूनची. दोन्ही कारागिराची आद्याक्षरं नव्हेत. आणि जर्मन वाद्यावर एकटं ‘बी’ दिसलं तर तो वाद्याची पट्टी सांगणारा बी फ्लॅट हा स्वर समजायचा, कारण जर्मन लोक बी फ्लॅटला ‘बी’ म्हणतात आणि आपण ज्याला बी म्हणतो त्याला ‘एच’.

राहिली मालकाची खूण. ब्रिटिश लष्करी मालावर बाणाचं टोक उमटवलेलं असतं, म्हणजे सरकारी मालमत्ता. पलटणीचा क्रमांक, रेल्वेची आद्याक्षरं, शाळेचं नाव हेही सापडतं. आमच्या भागात ‘बी.एन.आर.’ दिसलं तर बंगाल-नागपूर रेल्वे आठवणं साहजिक आहे, पण तीन अक्षरांवर एवढा मोठा निष्कर्ष बांधू नये. सोबत दुसरा काही पुरावा, एखादं पत्र, फोटो, पेटीवरचं लेबल मिळालं तरच तसं म्हणावं.

मेरठचा छाप असला तर हिरमुसून जाण्याचं कारण नाही. मेरठची जली कोठी हा बँडच्या वाद्यांचा देशातला नामांकित बाजार, आणि तिथली परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. देशी कारागिरांनी विलायती नमुना समोर ठेवून घडवलेलं वाद्य हा आपलाच इतिहास आहे, आणि तो विलायती इतिहासापेक्षा कितीतरी कमी लिहिला गेला आहे.

पत्ता नावापेक्षा जास्त बोलतो

कारखान्याचं नाव शंभर वर्षं तेच राहू शकतं. पत्ता बदलतो, भागीदार बदलतात, देशाचं नाव बदलतं. म्हणून साल काढायचं तर नावाखालच्या बारीक ओळी आधी वाचाव्यात.

लंडनचे बूझी आणि हॉक्स हे वाद्यं बनवणारे दोन वेगळे प्रतिस्पर्धी होते. १९३० मध्ये ते एकत्र आले. म्हणजे ‘बूझी अँड हॉक्स’ असा जोडछाप असलेलं वाद्य १९३० च्या आधीचं असूच शकत नाही, घरचे कितीही शपथेवर सांगोत की ते पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलं. उलट ‘बूझी अँड कंपनी’ किंवा ‘हॉक्स अँड सन’ एकटं असेल तर ते साधारण १९३० च्या आधीचं. ‘साधारण’ म्हणायचं कारण असं की कारखान्यात तयार भाग पडून असतात, जुने ठसेही लगेच फेकले जात नाहीत. छापातली खूण ‘याच्या आधीचं नाही’ हे ठामपणे सांगते. ‘याच्या नंतरचं नाही’ हे सांगताना ती कचरते.

लंडनच्या पत्त्यात नुसतं ‘डब्ल्यू’ आहे की ‘डब्ल्यू. १’, तेही बघा. टपाल विभागांना असे आकडे १९१७ मध्ये जोडले गेले. आकडा असेल तर वाद्य १९१७ नंतरचं. आकडा नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ छापांत विभाग लिहिलेलाच नसे. बासऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रुडॉल कार्ट या कंपनीचा ‘२३, बर्नर्स स्ट्रीट’ हा पत्ता दिसला तर १८७८ किंवा त्यानंतरचा काळ धरावा.

देशाचं नाव हा तर सगळ्यात सोपा धागा. अमेरिकेत १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये १८८७ च्या कायद्यानंतर परदेशी मालावर ‘मेड इन जर्मनी’सारखे शब्द दिसू लागले. देशाचं नाव इंग्रजीत असलेलं वाद्य म्हणून बहुधा त्या सुमाराचं किंवा नंतरचं असतं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेलं वाद्य १९१८ च्या आधीचं नाही, कारण तो देशच नव्हता. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचं.

बासरी चांदीची असेल किंवा चाव्या चांदीच्या असतील आणि काम इंग्रजी असेल, तर तुमचं नशीब चांगलं. इंग्रजी चांदीवर शुद्धतेचा सिंह, तपासणाऱ्या शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर असे छोटे ठसे असतात. लंडनची खूण बिबट्याचं तोंड. वर्षाचं अक्षर दरवर्षी बदलत असल्याने त्या चांदीचं साल थेट काढता येतं. लाकडी वाद्यांच्या जगात इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो. बहुतेक क्लॅरिनेटच्या चाव्या मात्र जर्मन सिल्व्हरच्या असतात. तांबं, निकेल आणि जस्त मिळून तो मिश्रधातू होतो. त्यात चांदी औषधालाही नसते.

नंबरचं काय?

बऱ्याच वाद्यांवर अनुक्रमांक असतो, पण नंबर एकटा निरुपयोगी. तो कुठल्या कारखान्याच्या कुठल्या वहीतला, हे कळलं तरच त्याला अर्थ. काही कारखान्यांनी क्लॅरिनेट, फ्लूट, पितळी वाद्यं यांच्या मालिका वेगवेगळ्या ठेवल्या, काहींनी मध्येच पुन्हा एकपासून सुरुवात केली. म्हणून इंटरनेटवर मिळालेल्या एखाद्या तक्त्यात आकडा शोधून साल ठरवण्याआधी तो तक्ता नेमका त्याच वाद्यप्रकाराचा आहे का, हे तपासा.

नंबरचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. वरच्या आणि खालच्या जोडावरचे नंबर जुळतात का ते बघा. जुळले तर दोन्ही जोड एकाच जन्माचे. नाही जुळले तर कुणीतरी दोन मोडक्या वाद्यांतून एक चालू वाद्य केलं आहे. बँडच्या धंद्यात हे सर्रास व्हायचं, आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही. लग्नसराईत वाद्य चालू पाहिजे, बस.

कामठीतलं एक क्लॅरिनेट

एका जुन्या बँडवाल्या कुटुंबाकडचं वाद्य मी असंच भाग वेगळे करून पाहिलं. वरच्या जोडावर ‘हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, पिकाडिली सर्कस, लंडन’ हा छाप होता, आणि त्याखाली ‘एक्सेलसिअर सोनोरस क्लास’. घरच्यांना ती शेवटची ओळ एखादी पदवी वाटत होती. ते हॉक्सच्या मालाच्या दर्जाचं नाव, कंपनीनेच ठेवलेलं. खालच्या जोडावरही हॉक्स, पण नंबर दुसरा. बॅरल कोरा, आणि रंग काळा नाही तर हिरवट तपकिरी. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा भपकारा आला. म्हणजे ते लाकूड नव्हतं, एबोनाइट होतं, गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हात त्याचा काळा रंग असाच उतरतो. बेलवर काठाजवळ बाणाचं टोक होतं. खालच्या जोडावर दोन कड्या, करंगळीला दोन चाव्या.

घरातले काका म्हणाले, “आमचे आबा सांगत, ह्याचा सूर पेटीले लागतच नाई. म्हणून ठेवून देल्लं.” मला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा या वाक्यात मिळाला.

आज जगभर मधल्या सप्तकातला ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात. हे १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं. त्याआधी देशोदेशी वेगळा हिशेब होता. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला. इंग्लंडमधल्या बँडांत मात्र ४५२ च्या आसपासचा चढा सूर चालायचा, आणि ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत त्यालाच धरून होते. ४४० आणि ४५२ यांतलं अंतर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराएवढं पडतं. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी वाद्य बोलतं, वरच्या पट्टीलाही लागत नाही, खालच्या पट्टीलाही नाही. बॅरल बाहेर ओढून सूर उतरवायला जावं तर भोकांची आपसांतली अंतरं तीच राहतात, त्यामुळे एक स्वर जुळतो आणि दुसरा बिघडतो. आबांचं वाद्य बेसूर नव्हतं. ते दुसऱ्या सुराच्या बँडासाठी घडवलेलं होतं आणि त्या बँडात ते अचूक वाजलं असतं. कित्येक चांगली वाद्यं केवळ याच कारणाने ‘खराब’ ठरून कोपऱ्यात गेली आहेत.

काही वाद्यांवर चढ्या सुरासाठी ‘एच.पी.’ आणि उतरत्यासाठी ‘एल.पी.’ असा शिक्का असतो, विशेषतः अमेरिकन बाजारासाठी बनलेल्यांवर. शिक्का नसेल तर लांबी मोजा. आजचं बी फ्लॅट क्लॅरिनेट माउथपीससकट साधारण ६६-६७ सेंटिमीटर भरतं. चढ्या सुराचं त्याहून दीड-दोन सेंटिमीटर आखूड असतं. बॅरल बदललेलं असेल तर या मोजणीवर भरवसा ठेवू नये. मग दोन्ही जोडांची लांबी वेगळी घेऊन त्याच छापाच्या दुसऱ्या वाद्याशी ताडून पाहावी लागते.

तर कामठीच्या क्लॅरिनेटबद्दल एवढं म्हणता आलं: दोन्ही जोड हॉक्सचे, १९३० च्या सुमाराच्या आधीचे, पण दोन वेगळ्या वाद्यांतले. सूर लष्करी बँडाचा. बेल कधीतरी सरकारी मालकीची होती. बॅरल कुणीतरी मागाहून बसवलेलं. ‘अमुक सालचं हॉक्सचं अस्सल क्लॅरिनेट’ असं एका ओळीचं उत्तर घरच्यांना हवं होतं. मला हे चार ओळींचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात पलटणीतल्या वाद्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंतचा प्रवास दिसतो.

लाकूड आणि चाव्या छापाला दुजोरा देतात का?

छाप खोटाही असू शकतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात नव्या मालावर ‘लंडन’ कोरून विकणं नवीन नाही. खऱ्या जुन्या छापाची झीज आजूबाजूच्या लाकडाइतकीच असते. जिथे बोटं, अंगठा सतत टेकत आले तिथे अक्षरंही पुसट असतात. सगळी अक्षरं सारख्या खोलीची, काठ धारदार, आणि अक्षरांच्या आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा ताजं, असं दिसलं तर सावध व्हा.

चाव्या कशावर बसवल्या आहेत तेही बघा. फार जुन्या वाद्यांत लाकडातच उंचवटे ठेवून त्यांत चाव्या अडकवत. पुढे धातूचे छोटे खांब लाकडात फिरवून बसवू लागले. पिवळसर बॉक्सवुडचं शरीर, पांढऱ्या कड्या, चौकोनी पितळी चाव्या हा थाट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, तरी स्वस्त मालात तो नंतरही चालू राहिला. तशा अंगावर १९३० नंतरचा जोडछाप असेल तर काहीतरी चुकतं आहे. काळं जड लाकूड बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. इंग्रजी फ्लूटचं लालसर तपकिरी लाकूड बऱ्याचदा कॅरिबियन बेटांवरचं कोकसवुड असतं.

नागपूरच्या हवेचा इथे विचार करावाच लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला आणि हवा कोरडी ठणठणीत, जूनच्या शेवटी एकदम ओल. लाकूड आक्रसतं, फुगतं, तडकतं. उष्ण देशांत पाठवायच्या वाद्यांसाठी एबोनाइटला पसंती असायची ती याचमुळे. तडा छापातून गेला असेल तर लगेच सरस किंवा फेविक्विक भरू नका. आधी फोटो, मग जाणकार दुरुस्तीवाला. आणि कित्येक वर्षं बंद असलेलं लाकडी क्लॅरिनेट पहिल्याच दिवशी तासभर फुंकू नका. श्वासातली ओल आतून मिळते, बाहेरचं लाकूड कोरडंच राहतं, आणि याच ताणाने ते फाटतं.

विचारायचं कुणाला?

लंडनच्या हॉर्निमन म्युझियमकडे २००४ पासून बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह आणि कारखान्यांची जुनी कागदपत्रं आहेत. इंग्रजी बँडच्या वाद्यांसाठी याहून चांगली जागा नाही. फ्लूट असेल तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला डेटन मिलर संग्रह बघा. सतराशेहून जास्त बासऱ्या तिथे आहेत आणि पुष्कळांचे फोटो घरबसल्या पाहता येतात. कारागिरांची नावं, पत्ते, काळ एकत्र हवे असतील तर विल्यम वॉटरहाउस यांनी सिद्ध केलेला, १९९३ मध्ये निघालेला ‘न्यू लँगविल इंडेक्स’ हा कोश अभ्यासक आधी उघडतात.

विचारणा करताना ‘माझ्याकडे जुनं क्लॅरिनेट आहे, किंमत काय?’ असं एका ओळीत लिहिलं तर उत्तराची आशा ठेवू नका. प्रत्येक भागाचा छाप जसाच्या तसा लिहा, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाजाने भरू नका. विरामचिन्हंसुद्धा सोडू नका. प्रत्येक भागाची लांबी मिलिमीटरमध्ये द्या. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि छापाचा फोटो बाजूच्या उजेडातला पाठवा. खालच्या जोडावरच्या कड्या आणि चाव्या स्पष्ट दिसतील असा एक फोटो हवाच. घरातल्या माणसांना वाद्य कुठून आलं असं वाटतं तेही लिहा, पण ‘घरच्यांच्या सांगण्यावरून’ असं म्हणून वेगळं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ऐकीव माहिती आणि पाहिलेली गोष्ट यांत गल्लत होणार नाही.

विकायचा विचार असेल तर दोन कायदे माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. आणि बॉक्सवुडच्या जुन्या वाद्यांवरच्या त्या पांढऱ्या कड्या हस्तिदंताच्या असू शकतात. हाडाच्या कडीवर भिंगाखाली काळपट ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात, हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या पुसट वक्र रेषांची जाळी दिसू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, त्यामुळे शंका असली तर व्यवहार थांबवून वनविभागाला विचारा. कडी काढून टाकून वाद्य विकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. त्यात कड्याही जातात आणि वाद्याच्या तोंडाशी तडा जाण्याची वाटही मोकळी होते.